भुवईवरचा हात

पाटील सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी सुरतेत होतो, त्यांच्या मुलीच्या घराचा जिना चढत. तिला त्यांच्याकडे न्यायलाच तर आलो होतो... फोन ठेवला आणि पायरीवरच बसलो.

सर मूळचे तापीकाठच्या प्रकाशा गावचे, पण सारी नोकरी आमच्या खांडबाऱ्यात झाली. त्यांच्या इंग्रजीच्या वर्गाची खिडकी माझ्या किराणा दुकानासमोर उघडायची, त्यामुळे गल्ल्यावर बसल्या बसल्या मीही थोडं शिकलो. 'पिक अप' हा त्यांचा आवडता धडा. पोरं घरी कोणी अहिराणी बोलणारी, कोणी भिली, कोणी इथल्या आदिवासींची कोकणी. म्हणून सर अर्थ सांगत नसत, करून दाखवत. खडू पाडायचे आणि उचलायचे. कानाला मूठ लावून फोन घ्यायचे. ऐकून ऐकून भाषा येते तेही पिक अप, दुखणं अंगाला चिकटतं तेही. मग खिडकीतून माझ्याकडे बोट दाखवत, "शेठना धंदा आते पिक अप करी ऱ्हायना." पोरं हसायची, मीही हसायचो. शेवटी वाट बघणाऱ्या बहिणीसारखा तळहात भुवईवर धरून ते स्टेशनच्या रुळांकडे बघत उभे राहत. "अखाजीले बहीणले लेवाले मुराळी जास ना? तेबी पिक अप."

त्यांच्या स्वतःच्या लेकीला माहेरी आणायला मात्र कधी मुराळी गेला नाही. रंजूने मनाने लग्न केलं, भावाने तिला दार बंद केलं आणि सर गप्प बसले. आमच्याकडे माहेरचं माणूस न्यायला आल्याशिवाय लेक येत नाही. दर अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावात झोके बांधले जात, लेकी येत, आणि सर माझ्या दुकानाच्या बाकावर चहा निववत बसत. मला त्यांचा राग यायचा. अजूनही थोडा येतो.

मग सरांना लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. मी भेटायला गेलो तर डावा हात सारखा भुवईवर नेत होते. सून म्हणाली, "आप्पास्ना डोयामा उजेड जास," आणि तिने खिडकी लावली. मी ती उघडली. त्या हाताचा अर्थ मी वर्षानुवर्षं गल्ल्यावरून पाहिला होता.

"सर, रंजूले लेवाले जाऊ का?"

हात खाली आला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मुलगा भिंतीला टेकून उभा होता, काही बोलला नाही. तोच होकार समजून मी सकाळची गाडी धरली.

जिन्यावरून उठून मी बेल वाजवली. मला दारात बघून रंजू जागीच थांबली.

"काका, मुराळी व्हईसन उनात? आप्पानी धाडं?"

मी हो म्हटलं. ते खोटं नव्हतं. बाकीचं घरात गेल्यावर, तिला खाली बसवून सांगितलं...

सरांचं दिवसकार्य झालं आणि रंजू सुरतेला परत गेली. बाक आहे तिथेच आहे. आता अखाजी जवळ आलीय. मी जाईनही, पण तिला आणून कोणाच्या घरी उतरवायचं ते कळत नाही. सुरतेकडची गाडी आली की हात आपोआप भुवईवर जातो. परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं, "शेठ, कोण ई ऱ्हायनं?"

"कोणी नई," म्हणालो, आणि त्याची साखर जोखायला घेतली.