बाहेर पडा

सुगत अमरावतीत प्रोग्रामर. कॉलेजात असताना त्यानं हौसेनं एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामरांना वापरता येईल असा तयार कोड, लिहिली आणि फुकट वाटली. ज्याला हवी त्यानं आपल्या ॲपमध्ये घालावी. काम एवढंच, कुकी सांभाळायच्या. कुकी म्हणजे सर्व्हरनं आपल्या फोनजवळ ठेवलेली ओळखीची चिठ्ठी. तिची मुदत दोन तऱ्हांनी लिहितात : संपायची तारीख, नाहीतर उरलेलं आयुष्य. माणूस बाहेर पडला की सर्व्हर कळवतो, आयुष्य शून्य, चिठ्ठी फाडा. पठ्ठ्यानं तारीख वाचायची सोय केली आणि आयुष्याकडे बघितलंच नाही. ज्याचा त्याचा फोन असला की यात फारसं बिघडत नाही, म्हणून कोणाला कळलंही नाही.

पण शेंदूरजनाघाटच्या संत्रा केंद्रावर टॅब एकच. संत्री उचलायला येणाऱ्या गाडीसाठी सगळ्यांनी आळीपाळीनं त्यावरच नंबर लावायचा. सुगतचं अख्खं घर एका फोनवर चालायचं, तरी या शहाण्याला हे सुचू नये!

त्याच्या मावशीनं, इंदूबाईनं, नंबर लावला, ‘बाहेर पडा’ दाबलं आणि टॅब रांगेत मागे असलेल्या पुंजाजीला दिला. पुंजाजीनं मोबाइल नंबर स्वतःचा टाकला, पण सर्व्हरला दिसली मावशीचीच चिठ्ठी. त्यानं आपली आधी लावलेली गाडी रद्द केली, पण रद्द झाली मावशीची. गाडी आली नाही आणि तिची तोडलेली संत्री ढिगातच नासली. केंद्राचा व्यवस्थापक म्हणाला, बाईनंच भलतं काही दाबलं असेल. चोर सोडून संन्याशाला फाशी.

सुगतनं ॲप उकलून पाहिलं, तर आत त्याचीच लायब्ररी. आपलेच दात, आपलेच ओठ. दुरुस्ती त्यानं बसल्या बैठकीला केली. पण ॲपमध्ये जुनी प्रत, आणि ॲप बनवणाऱ्यांनी दुकान गुंडाळलेलं. टॅबच्या सेटिंगला कुलूप, म्हणजे चिठ्ठी हातानं पुसायचीही सोय नाही. व्यवस्थापकाचं एकच, ॲप तर चालू आहे.

झाडांवर राहिलेल्या संत्र्यांसाठी मावशी पुन्हा नंबर लावायला निघाली, तेव्हा तो सोबत गेला. चूक माझी आहे, असं त्यानं वाटेत सांगूनही टाकलं.

“तू कावून अंगावर घेतं बाबू?” मावशी म्हणाली. “तू तं शिकेल हायेस.”

रांगेतल्या सगळ्यांना त्यानं समजावलं. त्यांनी माना डोलावल्या. पण नंबराशिवाय गाडी येत नव्हती. मावशीनं नंबर लावला, जपून ‘बाहेर पडा’ दाबलं आणि पडदा त्याच्यासमोर धरला. तुम्ही बाहेर पडला आहात, असं तिथं लिहिलं होतं.

“पाय बरं, पडली न मी बाहेर?”

मागच्या माणसानं तिच्या हातून टॅब घेतला.