पॅनेल बघायचं आहे
मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता माझे पती वारले. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. फोन आला. मी रजिस्टर बंद केलं आणि रिक्षा केली.

तेरावं झाल्यावर त्यांच्या टेबलाच्या खणात एक वही सापडली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर मथळा होता, ‘आईचा पंखा’. खाली त्यांच्या बारीक अक्षरात: बारा व्होल्टचा पंखा एक, दिवे दोन, मोबाइल. चार्ज कंट्रोलर घेतला. बॅटरी सांगून ठेवली. आणि शेवटची ओळ, ‘पॅनेल – बघायचं आहे.’

आई म्हणजे माझ्या सासूबाई. पिशोरला शेतातल्या घरात राहतात. तिथे दोन गाई आहेत आणि त्यांनी स्वतः लावलेली सीताफळाची झाडं. शेतीची लाईन पाळीने येते, कधी दिवसा, कधी मध्यरात्री. मागच्या उन्हाळ्यात त्यांना उकाड्याने चक्कर आली होती. तेव्हापासून त्यांनी शहरात यावं असं सगळे म्हणत होते. फक्त माझे पती म्हणायचे, तिथे पंखा फिरला तर आईला कुठे जायची गरज नाही. दिवसकार्याला जमलेल्यांसमोर मी आईंना म्हटलं, “मी करून बघते. पण रात्रभर पंखा चालला नाही, तर तुम्ही माझ्याकडे यायचं.” त्या म्हणाल्या, “बरं.” 

मला कुठलीही गोष्ट वाचूनच समजते. महिनाभर मी सौर पॅनेलांबद्दल वाचत होते. कंट्रोलर म्हणजे पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये बसणारा छोटा डबा, बॅटरीत किती वीज जाऊ द्यायची ते तो ठरवतो, एवढं मला कळलं. मोठं पॅनेल घेतलं तर स्वस्त पडतं, हेही कळलं. म्हणून मी माणसाच्या उंचीपेक्षा मोठं पॅनेल घ्यायचं ठरवून त्यांनी घेऊन ठेवलेला कंट्रोलर पिशवीत टाकला आणि गुलमंडीमागच्या गल्लीतल्या दुकानात गेले. वहीत त्याच दुकानाचं बिल होतं.

दुकानदार वयस्कर होते, डोक्यावर जाळीची टोपी. मी काय हवं ते वाचून दाखवलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“मॅडम, पंखा चालवायचाय की पिठाची गिरणी?”

मी कंट्रोलर काढून काउंटरवर ठेवला. त्यांनी तो हातात घेतला, उलटा केला.

“ये तो मेरे यहाँ का है. साहेब घेऊन गेले होते. आईसाठी म्हणाले होते. ते नाही आले?”

मी सांगितलं. त्यांनी डबा हळूच खाली ठेवला आणि स्वतःचं स्टूल माझ्याकडे सरकवलं.  मग म्हणाले, “मोठं पॅनेल मी विकेन, माझा फायदाच आहे. पण त्याचा व्होल्टेज चाळीसच्या वर. हा डबा बारा व्होल्टवाला. जोडलं तर डबा जाईल. नाही गेला तर अर्ध्याहून जास्त वीज वाया. मग हा डबा फेकून दुसरा घ्यावा लागेल. फेकायचा का?”

“नाही,” मी म्हटलं.

“मग शंभर वॅटची दोन घ्या. बारा व्होल्टवाली. साहेबांनी पण तेच घेतलं असतं.”

त्यांनी तीन पॅनेलं काढली, एकेक बाहेर पायरीवर उन्हात धरलं आणि मीटर लावून आकडा मला वाचायला लावला. एका काचेखाली केसाएवढा तडा होता. मला तो दिसलाही नव्हता. ते त्यांनी बाजूला ठेवलं. उरलेली दोन जुन्या चादरीत आणि पुठ्ठ्यात बांधून दिली. चादर त्यांच्या घरची होती. परत करायला गेले तेव्हा त्यांनी घेतली नाही.

पॅनेलं एसटीने पिशोरला नेली; त्यांनी सांगून ठेवलेली बॅटरी आणि पंखा तिथे आधीच पोचले होते. कंडक्टरने मागच्या सीटशी उभी ठेवू दिली. सोमवारी मला कामावर यायचं होतं, म्हणून गावातल्या मिस्त्रींना मी कागदावर सगळं लिहून दिलं: तारा कुठून कुठे, फ्यूज कुठे, स्टँड केवढा. पॅनेलांच्या तोंडाची दिशा लिहिली नाही. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकात ती होती, त्यामुळे ती सगळ्यांना ठाऊक असते असं मी धरून चालले.

रोज संध्याकाळी मी फोन करायची. “पंखा चालतो ना, आई?”

“चालतोय की.”

दुसऱ्या शनिवारी मी न सांगता गेले. रात्रीचे आठ वाजले होते. पंखा थांबलेला होता, कंट्रोलरवर बॅटरी संपल्याचा लाल दिवा लागलेला होता, आणि आई ओट्यावर बसून पुठ्ठ्याने वारा घेत होत्या. तो माझ्या पॅनेलांचाच पुठ्ठा होता.

“कधीपासून?” मी विचारलं.

“पहिल्या दिसापासून. सांगितलं असतं तर तू मला घेऊन गेली असतीस.”

सकाळी मी गच्चीवर गेले. पॅनेलं पूर्वेकडे तोंड करून जवळजवळ उभी लावलेली होती. दहा वाजल्यानंतर ऊन त्यांच्यावरून नुसतं घसरत होतं. आईंना विचारलं तेव्हा कळलं, मिस्त्री दक्षिणेकडेच लावत होते, त्यांनीच स्टँड फिरवून घेतला होता.

“दक्षिणेकडं कुणी तोंड करतं का?” त्या म्हणाल्या. “तेरा दिवस वात तिकडं केली, तेवढं लई झालं. घरावर कायमचं तेच ठेवायचं?”

आमच्याकडे माणूस जातो तिथे दिवा ठेवतात, त्याची वात दक्षिणेकडे, यमाच्या दिशेला असते. एरवी तशी कधी करत नाहीत. मला माहीत होतं, आणि तरीही मी कागदावर लिहिलं नव्हतं. आता सूर्य दक्षिणेच्या बाजूने फिरतो हे त्यांना समजावण्याची माझी हिंमत झाली नाही. मी मनातल्या मनात त्यांची बॅग भरू लागले.

दुपारी त्यांनी गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या. त्या हलवायला गेल्या आणि बराच वेळ खाली आल्या नाहीत. मी वर गेले तर त्या पॅनेलच्या पुढ्यात पडलेली सावली बघत उभ्या होत्या.

“मिरच्या मी ऊन बघून टाकते,” त्या म्हणाल्या. “हे मात्र दिशा बघून लावलं.”

मी मिरच्या हलवायला घेतल्या. त्या पुढे म्हणाल्या,

“तो तिकडंच गेलाय ना. मग आपण तिकडं पाठ करून किती दिवस बसायचं? बोलाव मिस्त्रीला. आणि ते जरा आडवं करायला सांग, माझ्या मिरच्यांवर सावली पडतीय.”

मिस्त्री आले. काम तासाभराचं होतं. पुढच्या शनिवारी मी पुन्हा गेले आणि रविवारी सकाळी सहाला उठले तेव्हा आई अजून झोपल्या होत्या. त्यांना कधी इतक्या उशिरापर्यंत झोपलेलं मी पाहिलं नव्हतं. पंखा फिरत होता.

वहीतल्या शेवटच्या ओळीखाली मी काही लिहिलेलं नाही. माझ्या पतींनी डबा आधी घेऊन ठेवला, म्हणून मी चुकीचं पॅनेल घेतलं नाही. दुकानदारांनी मोठं विकलं नाही. आईंनी स्टँड दक्षिणेकडे फिरवून घेतला. मी फक्त वाचलं होतं.

आता घरावर शंभर वॅटची दोन पॅनेलं आहेत, दक्षिणेकडे तोंड करून. आत एक पंखा आणि दोन दिवे आहेत. आई पिशोरला राहतात. मी शनिवारी जाते.