गोजराबाईच्या नावाचं मेण

इंझोरीच्या गोजराबाईचं नाव कामरगावच्या बाजारात निघायचं ते कुंकवाच्या मेणासाठी. त्या काळी कोरडं कुंकू कपाळावर नुसतं टिकत नसे. आधी बोटानं मेणाचा गोल ठिपका द्यायचा आणि त्यावर कुंकू दाबायचं. मेण बरं असलं तर कुंकू दिवसभर जागचं हलायचं नाही, वाईट असलं तर दुपारच्या आत नाकावर उतरायचं. गोजराबाईचं मेण बरं होतं. फार बरं नव्हतं, पण आसपास दुसरं कोणी करतच नव्हतं, म्हणून तेच उत्तम. घरचा गडी खेमा रानातून मोहोळं उतरवून आणायचा. ती पोळी पाण्यात उकळायची, फडक्यातून पिळायची आणि वर आलेल्या मेणात तिळाचं तेल घालायचं. काळपट, धुराच्या वासाचं मेण व्हायचं. लग्नसराईत बायका चालत घरी यायच्या आणि म्हणायच्या, "गोजराबाई, तुमच्याच हातचं पायजे." एवढं एक वाक्य ऐकलं की तिचं पोट भरायचं.

मानमोडीच्या तापाच्या साथीत तिचा धाकटा दीर गेला आणि त्याची बायको जिजा ऐन पंचविशीत कपाळ पुसून बसली. दुसरा पाट लाव म्हणून माहेरची माणसं सांगून थकली, पण ती ऐकेना. थोरल्या जावेच्या हाताखाली मेणाच्या चुलीपाशी बसू लागली. एके दिवशी गोजराबाई शेतात गेलेली असताना पापडखाराचं पाणी चुकून मेणाच्या भांड्यात सांडलं. उकळता उकळता सगळं दुधासारखं पांढरं झालं. मेण वर येईना की पाणी खाली बसेना. दुसरीनं ते उकिरड्यावर ओतलं असतं. जिजा म्हणाली, दूध लिंबानं फाटतं, मग हे का फाटू नये? तिनं लिंबू पिळलं. भांड्यातलं दूध फाटलं, सगळी काजळी पाण्याबरोबर खाली राहिली आणि वर सोन्यासारखं स्वच्छ मेण तरंगलं. दोन पाण्यांनी धुतल्यावर त्याला वासही उरला नाही.

आता ते टिकतं का, हे स्वतःच्या कपाळावर बघायची तिला सोय नव्हती. म्हणून तिनं गाईच्या कपाळाला ठिपका देऊन वर कुंकू दाबलं. गाय दिवसभर उन्हात चरून आली आणि कुंकू जसंच्या तसं होतं. पुढं प्रत्येक घाण्याला ती आधी गाईचं कपाळ बघायची.

गोजराबाईनं त्या मेणाला बोट लावलं, नाकाशी नेऊन हुंगलं. हे आपल्याला का सुचलं नाही? नवरा जिवंत, लेकरं घरात, चार माणसांत मान, आणि तरी या रिकाम्या कपाळाच्या बाईचं आपल्यापेक्षा सरस निघावं? बाजारात बायका जिजाची डबी आधी उचलू लागल्या तेव्हा तर तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आणि मग तिनं ते केलं, जे करायला अक्कल लागत नाही. बांगड्यांच्या दुकानापाशी उभी राहून हळूच म्हणाली, "घ्या बापा, तुमची मर्जी. पन रांडाव बाईच्या हातचं मेन सवासनीनं लावाव का, हे तुमचं तुमी पाहा."

बास. पुढच्या बाजारापासून जिजाच्या डब्या तशाच परत येऊ लागल्या. जिजानं त्या रचून ठेवल्या. थोडंथोडं मेण करत राहिली, गाईला लावत राहिली. तिचं हे न भांडणं गोजराबाईला शिव्यांपेक्षा जास्त झोंबलं.

तशात थोरली लेक प्रयाग हिचं लग्न आसेगावच्या रामरावांकडे ठरलं. पोरीच्या लग्नात आपलंच मेण लागणार आणि ते जिजाच्या मेणाहून पांढरं असणार, हे गोजराबाईनं मनाशी पक्कं केलं. विचारायचं म्हटलं तर जीभ उचलेना. मग ती मागच्या तुराट्यांच्या कुडाला डोळा लावून बसली. जिजानं खार टाकला, भांडं पांढरंशुभ्र झालं, एवढं तिनं पाहिलं. तेवढ्यात दौलतरावांनी ओसरीवरून हाक मारली, "अवो, कुठी हायेस?" नवऱ्याला मनातल्या मनात शिव्या घालत ती उठली. लिंबू तिनं पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं गुपचूप तेच केलं. खार टाकला, जास्तच टाकला, म्हणजे जास्त पांढरं होईल. झालंही. थंड झाल्यावर लोण्याचा गोळा दिसत होता. तिला इतका आनंद झाला की एकटीच हसली. गाईच्या कपाळावर बघायचं तिच्या मनात आलं, पण जिजाची नक्कल करायची तिला लाज वाटली.

वैशाखातलं लग्न. मांडवात घामाच्या धारा. सवाष्णींनी गोजराबाईच्या डबीतलं मेण लावून प्रयागला मळवट भरला आणि अंतरपाट धरायच्या आत तो पाझरू लागला. घाम लागला तसं मेण फेसाळलं आणि लाल फेस पोरीच्या नाकावरून ओठावर आला. विहीण रामीबाई ओरडली, "आगं माय! नवरीचं कुकू वाहून राह्यलं! कोनं केलं हे मेन?"

 गोजराबाई खाली मान घालून पोरीचं नाक पुसू लागली. आईच्या हातून लेकीचं कुंकू वाहिलं, असं म्हटलं असतं तर वऱ्हाड तिथूनच माघारी फिरलं असतं. सगळ्यांच्या माना आपोआप मांडवाच्या मागं, जिथं जिजा लुगडं सावरून लांब उभी होती, तिकडं वळल्या. जिजा पुढं आली. तिनं चिमूटभर मेण ओल्या बोटांत चोळलं. फेस आला. तिनं एकदाच जावेकडं पाहिलं.

"माह्यंच हाय," ती म्हणाली. "खार जास्त झाला. पोरीचा दोस नाही, तिच्या मायचाबी नाही."

"तरीच!" रामीबाई फणकारली. अपशकुनाला धनी सापडला आणि वऱ्हाडाचा जीव भांड्यात पडला. विधवेचा हात लागला होता, आता धुतलं की गेलं! जाता जाता जिजानं कमरेची डबी काढून गोजराबाईच्या मुठीत दिली आणि पुटपुटली, "हे लावा. तुमचं मनून सांगा." ते कुंकू सांज झाली तरी हललं नाही. जेवायला बसताना रामीबाई म्हणाली, "ईनबाई, तुमच्या हाताले लई गुन हाय बरं."

दुसऱ्या दिवशी गोजराबाईनं जिजाला गाठलं. रागानंच विचारलं, "काहून सांगतलं तसं?"

"माह्यावर एक डाग हायच. त्यात आनखी एक. प्रयागवर काहून पडू द्याव?"

गोजराबाईला रडू यायला हवं होतं. तिला हेवाच वाटला, आधीपेक्षा दसपट. मेण शिकून घेता आलं असतं. हे असं मांडवात पुढं येऊन उभं राहणं ती कुठून शिकणार होती?

त्यानंतर मेण जिजा करायची, बाजारात गोजराबाईच्या नावानं जायचं. सगळी कृती जिजानं तिला न मागता शिकवली. दर बाजारी बायका म्हणायच्या, "तुमच्याच हातचं पायजे," आणि दर बाजारी ते वाक्य गोजराबाईला काट्यासारखं टोचायचं. स्तुती दुसरीची आणि मान हलवायची आपण, असं वीस वर्षं चाललं. खरं सांगायचं तिच्या ओठांवर कितीदा आलं असेल, पण ते ओठांवरच राहिलं.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या वर्षांत जिजा तापानं गेली. तेराव्यानंतरच्या बाजारात गोजराबाई डब्या मांडून बसली. सासूबरोबर आलेली एक तरुण सून डबी उचलून म्हणाली, "मावशी, तुमचं मेन म्हंजे लई भारी."

"माह्यं नाही," गोजराबाई एकदम बोलली. आजूबाजूच्या बायका थांबल्या. "जिजाचं हाय. पयल्यापासून तिचंच. मी निस्ती इकत होती."

सुनेनं सासूकडं पाहिलं. "रांडाव बाईच्या हातचं," सासू पुटपुटली आणि तिनं नको म्हणून मान हलवली. सुनेनं डबी खाली ठेवली, बोट पदराला पुसलं आणि दोघी पुढं निघाल्या. त्यांच्यामागून बाकीच्याही गेल्या. गोजराबाई मागून ओरडली, "आवो, चांगलं हाय! लावून तं पाहा!" कोणी वळलं नाही. इतकी वर्षं ज्या नावाचा तिनं हेवा केला, त्या नावाची एक डबीसुद्धा त्या दिवशी खपली नाही, आणि का खपली नाही हे सगळ्या बाजारात तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.