जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण

मी घरे बांधून विकली, हे सांगण्याचा मला आजही संकोच वाटतो. वयाच्या चाळिशीपर्यंत मी पालघरच्या एका शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवत होतो. घरबांधणीविषयीचे माझे ज्ञान एवढेच होते, की आमच्या भाड्याच्या घराची कौले दर पावसाळ्यात नेमकी माझ्या टेबलावर गळतात. पुढे बोईसर स्टेशनच्या दोन्ही अंगांना आमच्या इमारती झाल्या आणि लोक मला ‘शेठ’ म्हणू लागले. पहिली जागा कशी मिळाली, असे अनेकांनी विचारले. मी दर वेळी विषय बदलला. आता लिहायला बसलो आहे, कारण विषय बदलून ज्यांच्याशी बोलावे अशी माणसे फारशी उरलेली नाहीत.

साठच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. तारापूरजवळ किनाऱ्यावर अणुवीजकेंद्राचे काम जोरात सुरू होते आणि साताऱ्याकडची, खानदेशातली माणसे बिऱ्हाडे घेऊन बोईसरला उतरत होती. त्यांना राहायला जागा नव्हती. कुणी अर्ध्या पडवीत संसार मांडला होता, कुणी गोठ्याला चटया लावून. माझा मेहुणा, म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ, त्या कामावर रेती आणि खडी पुरवत असे. एका रविवारी तो आमच्याकडे जेवायला आला आणि ताटावरच म्हणाला,

“भावोजी, शाळा सोडा. आपण खोल्या बांधू.”

“मला त्यातलं काय कळतं?”

“तुम्हाला कळायला नकोच. कळायला मी आहे. लोक तुमच्यावर विश्वास ठेवतात, तेवढं पुरे.”

हे त्याने स्तुती म्हणून म्हटले की भांडवल म्हणून, याचा उलगडा मला उशिरा झाला. त्याच वर्षी मुख्याध्यापकाची जागा माझ्यानंतर शाळेत आलेल्या गृहस्थांना मिळाली होती. मी अर्जच केला नव्हता, कारण मला वाटले होते, विचारतील. अशा माणसाला कुणी ‘तुमच्यावर लोकांचा विश्वास आहे’ म्हटले, की तो कुठेही जातो. मी गेलो.

मेहुण्याने हेरलेली जागा स्टेशनपासून दहा मिनिटांच्या वाटेवर होती. वरकस जमीन; भात पिकत नाही, फक्त गवत होते, अशी. ती एका विधवा बाईची होती आणि ही बाई आम्हाला परकी नव्हती. कित्येक वर्षे ती बोईसरहून सकाळच्या गाडीने पालघरला येऊन आमच्या दारी वांगी, वाल आणि भेंडी विकत असे. पत्नी तिला ‘बाय’ म्हणे, म्हणून मीही म्हणे. ती मला ‘मास्तर’ म्हणे. माझ्याशी ती क्वचितच बोलत असे, पण भाजी निवडून झाली की माझ्या दिशेने पाहून पत्नीला म्हणे, “मास्तरांना वाल जास्ती नको घालू, वाचता वाचता निजतील.”

मेहुण्याने तिला आमच्याच ओट्यावर गाठले.

“बाय, केंद्राचा रस्ता होणार, वसाहत होणार. एक दिवस सरकारी माणूस येऊन तुझ्या माळावर दगड रोवून जाईल. मग कुणाशी बोलशील?”

तिने त्याच्याकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले. “मास्तर, खरा हाय का?”

किनाऱ्यावरच्या गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या होत्या, हे खरे होते. तिची घेतली जाणार, असे कुठेही म्हटलेले नव्हते. मी म्हणालो, “तसं ऐकतो.” ऐकले होते ते मेहुण्याकडूनच, आदल्या संध्याकाळी.

ती थोडा वेळ टोपलीच्या काठावरून बोट फिरवत बसली. मग म्हणाली, “दुसऱ्याला जायची, ती तुमाला देते. भाताचा शेत खाली हाय, त्याच्यात माजा भागतंय. पन बाव नाय देनार. बाव पाड्याची हाय.”

बाव म्हणजे विहीर. ती त्या माळाच्या मध्यावर होती. तिच्या नवऱ्याच्या बापाने आणि पाड्यातल्या माणसांनी मिळून ती खणली होती, आणि आठ-दहा घरांचे पिण्याचे पाणी तिच्यावर चाले. कागदोपत्री विहीर जमिनीत होती आणि जमीन तिची होती; पण पाड्याला आणि तिलाही हे दोन्ही एकच आहे असे कधी वाटले नव्हते.

“बाव कोण उचलून नेतंय?” मेहुणा हसला. “या, पाणी भरा, आमच्या बिऱ्हाडांशी भांडा.”

“भांडाया मना शिकवाया नको,” ती म्हणाली आणि तीही हसली.

खरेदीखत मीच लिहावे, असे ठरले. मेहुण्याने त्यासाठी एक जुना दस्त नमुन्याला आणून दिला. त्यातली एक ओळ वाचून मला जो आनंद झाला, तो मी प्रामाणिकपणे नोंदवतो: “सदर जमीन जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेप इत्यादी तदंगभूत वस्तूंसह...” कोर्टकचेरीच्या रखरखीत भाषेत एखादा श्लोक वाट चुकून आला असावा, तशी ती ओळ होती. मी ती जशीच्या तशी उतरवली आणि तिच्याखाली लिहिले: “मात्र सदर जमिनीतील विहीर व तिच्याकडे जाणारी पायवाट वगळून.”

मेहुण्याने कच्चा मसुदा वाचला आणि या शेवटच्या वाक्यावर पेन्सिल ओढली.

“आपण शब्द दिला आहे,” मी म्हणालो.

“दिलाय, तो पाळू. पण कागदावर घातलं, की बिनशेतीची परवानगी अडली. कारकून विचारणार, विहीर कुणाची, वाट कुणाची, नकाशात दाखवा. तोंडी आहे ना? मग झालं. भावोजी, तुम्ही त्या विहिरीत इतकं वाकून बघता, पडाल एखाद दिवशी.”

मी पुढे काही बोललो नाही. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक गोष्टी मी पुढे काही न बोलल्यामुळे घडल्या आहेत. दुपारभर बसून मी सुवाच्य अक्षरात मुद्रांकाचा कागद उतरवला. ‘वगळून’ हा शब्दच वगळला, अशी कोटीही मला त्या वेळी सुचली आणि मी एकटाच हसलो.

नोंदणीच्या दिवशी बाय धुतलेले लुगडे नेसून आली होती. कचेरीतल्या कारकुनाचा घसा बसला होता, तो म्हणाला, “मास्तर, अक्षर तुमचं, तुम्हीच वाचून दाखवा.” चारचौघांत वाचायचे म्हणजे माझा आवाज नेहमी आत ओढला जातो. चतुःसीमा मी कशाबशा पुटपुटल्या. पण ती ओळ आली आणि वर्गातला माझा आवाज परत आला. जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण. मी ते छंदात म्हटले असले पाहिजे, कारण मान वर केली तेव्हा बायने डोक्यावर पदर घेतला होता आणि हात जोडले होते.

“आजी, इथं सत्यनारायण नाही चाललेला,” कारकून घोगऱ्या आवाजात म्हणाला. “प्रसाद नाही मिळायचा.”

सगळे हसले. तीही लाजून हसली आणि तिने हात खाली घेतले.

“समजलं ना सगळं?” कारकुनाने विचारले.

“मास्तरांनी लिवलाय. मना काय समजायचा?” मग शाईत अंगठा बुडवण्यापूर्वी ती माझ्याकडे वळली आणि हळू आवाजात म्हणाली, “बावीचा आला ना त्याच्यात?”

मी म्हणालो, “आलं.”

ते खोटे नव्हते. जल आले होते.

वर्षभरात दोन बैठ्या चाळी आणि एक दुमजली इमारत उभी राहिली. खोल्या बांधून होण्याआधीच त्यांच्यासाठी माणसे येऊन थांबली होती. सुरुवातीला पाड्यातल्या बाया पूर्वीप्रमाणे येत. मग भाडेकरूंची कुरकुर सुरू झाली: चिखल होतो, सकाळच्या पाळीच्या वेळी रहाट मोकळा मिळत नाही. साताऱ्याकडची एक बाई माझ्यासमोरच म्हणाली, “आम्ही भाडं भरतो, आन् रांगेत ह्या म्होरं?” मेहुण्याने कुंपणाची भिंत घातली, विहिरीवर मोटर बसवली, टाकी बांधली आणि फाटकाशी पहारेकरी ठेवला. फाटकाला कोणता रंग द्यावा, एवढे मला विचारण्यात आले. मी हिरवा म्हणालो.

फाटक बसले त्याच आठवड्यात बाय पालघरला आली. डोक्यावर नेहमीची टोपली होती. तिने ती उतरवली, कनवटीची चिंधी सोडली आणि तिच्यातून खरेदीखताची नक्कल काढून माझ्यासमोर धरली.

“तुमचा मानूस बोलतंय, कागदात नाय. मी बोलली, मास्तरांनी लिवलाय. वाचा.”

मी वाचू लागलो. या वेळी मी सगळेच एका सुरात, भरभर वाचले. तिने मला तरीही ओळीवर पकडले.

“थांबा. ह्योच तो मंतर. मी हात जोडलेले.”

“हो.”

“जल म्हंजे काय?”

पत्नी वांगी निवडत होती. तिचा हात थांबला.

“जल म्हणजे पाणी,” मी म्हणालो.

“कोनचा पानी?”

“जमिनीतलं. विहिरीचं.”

“ता तुमाला दिला?”

“हो.”

“मी दिला?”

“कागदाप्रमाणे.”

ती ओरडली असती, तर मला काहीतरी करता आले असते, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आलो. ती ओरडली नाही. तिने कागद माझ्या हातातून घेतला, होत्या त्याच घड्यांवर घडी घातली आणि चिंधीत बांधला.

“मंग पानी बोलायचा व्हता, मास्तर,” ती म्हणाली.

त्या दिवशीची वांगी तिने नेहमीप्रमाणे दिली. नंतर ती आमच्या दारी आली नाही. पत्नीने त्या संध्याकाळी वांग्याची भाजी केली आणि मला एकट्यालाच वाढली.

मी मेहुण्याशी बोललो. म्हणजे, बोलण्याचा प्रयत्न केला. तो म्हणाला, “फाटक उघडं ठेवलं तर खोल्या कोण घेईल?” खरे तर उत्तराची गरज नव्हती, भिंतीत एक दार ठेवण्याची गरज होती. शेवटी माझ्या समाधानासाठी त्याने भिंतीच्या बाहेरच्या अंगाला एक नळ काढून दिला. तो सकाळी तासभर चाले, पुढे अर्धा तास, आणि उन्हाळ्यात टाकी आमच्याच बिऱ्हाडांना पुरेना तेव्हा तो बंद झाला. पाड्यातल्या बाया ओहोळाच्या वाळूत खड्डे करून, झिरपलेले पाणी वाटीवाटीने हंड्यात भरत. मी ते जाता-येता पाहत असे. त्यांच्यात बाय असे का, हे पाहण्याइतका वेळ मी कधी थांबलो नाही.

कामे वाढली. मला नकाशे कळू लागले, विटेचा आवाज ऐकून तिची भाजणी कळू लागली. काही वर्षांनी मेहुण्याने लक्ष दुसरीकडे घातले आणि त्या पहिल्या जागेचा सगळा कारभार माझ्या एकट्याच्या हाती आला. फाटक उघडायला आता मला कुणालाही विचारावे लागणार नव्हते. मी ते उघडले नाही. भाडेकरू काय म्हणतील, हे कारण माझ्याकडे तयार होते आणि त्यात तथ्यही होते. त्यानंतरच्या दस्तांत मात्र ‘जल’च्या जागी मी ‘पाणी’ लिहून पाहिले. वकिलांच्या कारकुनाने ते दर वेळी खोडून पुन्हा ‘जल’ केले, आणि मी सही केली.

त्याच सुमारास एकदा बोईसरच्या फलाटावर बाय समोरून आली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली. वाट अरुंद होती; दोघांपैकी एकाला थांबणे भाग होते. मी थांबलो. आपण काहीतरी बोलले पाहिजे, असे मला वाटले, आणि मी म्हणालो, “बाय, बरी आहेस ना?”

तिने मला ओळखले. ती बाजूला सरली, टोपली सावरली, आणि मला जायला वाट करून दिली.

“बरा हाय, शेठ,” ती म्हणाली.