अळूच्या पानातली सुशी

कच्चं अळू घशाला खाजतं, हे आपल्याकडे शाळेत जायच्या आधीच कळतं. मलाही कळलं होतं. तरीही एका रविवारी बायकोला आणि मुलीला समोर बसवून मी कच्च्या अळूच्या पानात गुंडाळलेला भाताचा एक तुकडा ऐटीत तोंडात टाकला आणि "बघा, किती सोपं" एवढं म्हणेपर्यंत घशात कोणीतरी काथ्या घासायला लागलं.

ही वेळ का आली, ते सांगायला हवं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मुलीला डॉक्टर व्हायचं होतं आणि इथली मेडिकलची जागा थोडक्यात हुकली होती. त्या सुमारास ओळखीपाळखीतली काही मुलं फिलिपीन्सला शिकायला जायला लागली होती. आमचीही तयार झाली. मी तयार होतो, पासपोर्ट तयार होता. अडलं होतं ते बायकोपाशी. ती 'नाही' असं कधीच म्हणाली नाही. फक्त विचारायची, "तिथे खाईल काय?" मी कॉलेजची माहिती सांगितली. "खाईल काय?" हॉस्टेल चांगलं आहे म्हणालो. "असेल हो, पण खाईल काय?" आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे, त्यामुळे प्रश्नात जोर होता. आणि आईने मनापासून हो म्हटल्याशिवाय आपण जाणार नाही, असं मुलीने मला बजावलं होतं. प्रवेशाची मुदत तर त्याच आठवड्यात संपत होती.

मग मी ठरवलं, तिथलाच एखादा पदार्थ करून हिच्या पानात वाढायचा. सातपूरच्या कारखान्यात जन्मभर मशिनं उघडून पुन्हा जोडली, मला स्वयंपाक काय अवघड! कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत बसून शोध घेतला. जपान्यांची सुशी तिकडे जाऊन पार फिलिपिनो झाली होती. आंबट भाताची गुंडाळी, आत पिकलेला आंबा, काकडी आणि लसूण, सोया सॉस, व्हिनेगर, मिऱ्यांत शिजवलेलं मांस. या शिजवण्याला तिकडे अडोबो म्हणतात. मांसाच्या जागी मी सोयाबीनच्या वड्या घातल्या. जून लागला होता, घरात शेवटचे आंबे होते. प्रश्न राहिला गुंडाळायचं कशात याचा.

"ते लोक कशात गुंडाळतात?" बायकोने विचारलं.

"समुद्रातल्या शेवाळात. वाळवलेल्या."

"मग गच्चीवरच्या टाकीत आहे की. आणू खरवडून?"

मी तणतणत परसात गेलो आणि मोरीच्या पाण्यावर माजलेल्या अळूची पानं खुडून आणली. हिरवं ते हिरवं. भात मात्र बासमतीचा लावला, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या तांदळाचा. प्रसंगच तसा होता. शीत न शीत मोकळं झालं. एरवी कोणीही कौतुक केलं असतं, पण इथे तो चिकटायला हवा होता. दुधाची पिशवी कापून तिच्यावर गुंडाळी वळली, तर दोन्ही तोंडांनी भात बाहेर. त्यातल्या त्यात जो तुकडा उभा राहिला, तो मी खाल्ला. पुढचं वर आलंच आहे.

"बाबा, पाणी देऊ?" मुलगी घाबरली.

"पाण्याने काय होतंय? चिंच आण," बायको म्हणाली. ती हसली नाही. हसली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी चिंच चोखत बसलो. मुलगी ताटल्या उचलायला लागली आणि उचलता उचलता म्हणाली, "राहू दे ना बाबा. नाही जात मी. इथे बीएस्सी करीन."

बायकोने तिच्याकडे पाहिलं. मग पदर खोचून उठली.

"बासमतीची सुशी करतात का कुठे?" सकाळपर्यंत हा शब्दही तिला माहीत नव्हता. "तो पेठचा तांदूळ काढ गं."

माझा एक सहकारी पेठ तालुक्यातला. दरवर्षी घरचा नवा तांदूळ द्यायचा. शिजला की त्याचा गोळा व्हायचा, म्हणून आमच्याकडे त्याची रवानगी धिरड्यांत. त्या दिवशी त्या तांदळाचं नशीब उघडलं. ऊन भातात तिने व्हिनेगर, साखर, मीठ कालवलं. पानांच्या शिरा लाटण्याने चेपल्या, चिंचेचा कोळ लावून पानं वाफवली. भात थापला, माझ्या वड्या, आंबा, काकडी मांडली आणि घट्ट वळी करून सुरीने कापली. एकही तुकडा उसवला नाही. इतकी वर्षं श्रावणात ही अळूवड्या करते असं मी समजत होतो.

आम्ही दोघांनी खाल्लं. आंबट, गोड, लसणीचा ठसका आणि मधेच आंबा. मुलीची ताटली रिकामी झाली. मग बायको बसली. एक तुकडा सावकाश चावला. दुसरा घेतला. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. 'खाईल काय'चं उत्तर तिने स्वतःच्याच हाताने वळलं होतं, आणि ते तिच्याही लक्षात आलेलं दिसत होतं.

मोरीत हात धुऊन तिने पदराला पुसले.

"तिकडे अळू मिळतं का, तेवढं विचारून घ्या," ती म्हणाली. "नाहीतर परसातल्या दोन-चार अळकुड्या देते बरोबर, लावेल. मोरी तर असेलच की तिथे."