तिसऱ्या भागाचा वारस

"मागचे दोन भाग आणा," असं म्हणून आप्पांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि चष्मा पुसायला घेतला. गेम सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. आमचे बॉस केतन सर पुण्याहून स्क्रीनवर हे सगळं बघत होते.

मी सांगलीच्या एका लहानशा गेम कंपनीत कथा लिहिते. आमची रोल-प्लेइंग गेमची मालिका आहे. म्हणजे खेळणाऱ्याने एक पात्र व्हायचं, निर्णय स्वतः घ्यायचे आणि कथा त्या निर्णयांप्रमाणे पुढे सरकते. पहिले दोन भाग मीच लिहिलेले, तिसराही लिहून तयार होता. पण ज्याने आधीचे खेळलेच नाहीत, त्याला तो कळेल का, यावर पुण्यात खल चालला होता. नाही कळला तर कथेचं काम सांगलीतून काढून पुण्याच्या टीमला द्यायचं ठरलं होतं. म्हणजे माझी नोकरी गेली.

म्हणून प्लेटेस्ट. अनोळखी माणसाला खेळायला बसवायचं, आपण तोंड बंद ठेवून बघायचं, शेवटी त्याच्याकडून फॉर्म भरून घ्यायचा. आप्पा कराडजवळच्या मलकापूरचे रिटायर्ड तलाठी. नातींबरोबर मोबाईलवर पुष्कळ गेम खेळलेले, पण आमच्या मालिकेचं नावही न ऐकलेले. असा कोरा माणूस मिळाला म्हणून मी खूश होते.

गेमच्या सुरुवातीलाच एक तरुण पुढे येतो आणि म्हणतो, ही गादी माझ्या बापाची. त्याला साथ द्यायची की विरोध करायचा, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. सगळा तिसरा भाग या एका प्रश्नावर उभा आहे. मागची गोष्ट सुरुवातीच्या व्हिडिओत थोडक्यात दिली आहे, तेवढी पुरे, असं मी आप्पांना समजावलं.

"आवं मॅडम, सारांशावर निकाल देत न्हाईत," ते शांतपणे म्हणाले. "गादी याच्या बापाकडं कशी आली ते बघितल्याबिगर मी कुणाच्या बाजूनं उभा ऱ्हात न्हाई."

उभी हयात ज्यांनी सातबाऱ्यावर नाव चढवण्याआधी मागच्या नोंदी चाळल्या, त्यांना मी कोरा माणूस समजले, ही माझीच चूक. केतन सर वैतागले. आठ दिवसांत दुसरा माणूस बघ, म्हणाले.

दुसरा मिळायच्या आत, पुढच्या शनिवारी आप्पाच हजर. सुनेच्या लॅपटॉपवर दोन्ही भाग शेवटपर्यंत खेळून आले होते. काखेत फुलस्केप वही, वहीत आमच्या राजघराण्याची वंशावळ, मयतांच्या नावांना लाल शाईचा कंस. टेस्टच्या दृष्टीने माणूस वाया गेला होता. मी तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि वही उघडली.

"पहिल्या भागात ह्याचा बाप, म्हंजे राजाचा धाकटा भाऊ, बिनलग्नाचा. दुसऱ्यात लढाईत मेला, तवाबी बिनलग्नाचा. पोरबाळ न्हाई, असं राणी सोता सांगती. मग तिसऱ्यात ह्यो त्याचा वीस वर्सांचा वारस कुठनं आला?"

त्यांचं बरोबर होतं. तिसरा भाग लिहिताना मी जुने भाग उघडलेच नव्हते. माझ्याच सारांशावरून लिहीत गेले, आणि सारांशात 'धाकटा भाऊ लढाईत पडला' एवढंच होतं. ऑफिसात बाकी कुणी पहिला भाग परत खेळण्याचा प्रश्नच नव्हता. मला मनापासून लाज वाटली.

उपायही आप्पांनीच सुचवला. मरण्याआधी पोरगा दत्तक घेतल्याचा एक छोटा प्रसंग घाला, दत्तकपत्र दाखवा, प्रकरण मिटलं. मला ते तिथल्या तिथे पटलं. केतन सरांना नाही. पात्रांच्या आवाजांचं रेकॉर्डिंग संपलंय, रिलीज तोंडावर आलंय, आता एक वाक्यही वाढणार नाही, म्हणाले. मग जरा विचार करून त्यांनी एक वाक्य वाढवलंच, पण ते वेबसाइटवर: 'आधीचे भाग खेळण्याची गरज नाही. नवीन खेळाडूंनी थेट तिसऱ्यापासून सुरुवात करावी.'

"आणि ज्यांनी आधीचे खेळलेत ते?" मी विचारलं.

"ते नवीन खेळाडू नाहीत," सर म्हणाले.

मी मान डोलावली. नोकरी वाचत होती, वर तोंड करून काय बोलणार? आप्पांनी फॉर्मवर शेरा मारला, 'जुने रेकॉर्ड पाहिले, वारस सिद्ध होत नाही', खाली सही केली आणि कराडची एसटी गाठायला निघून गेले. तो फॉर्म मी पुण्याला पाठवला नाही. नंतर शोधून बसवलेल्या दोन कोऱ्या माणसांचे पाठवले. त्यांना सगळं समजलं होतं.

गेम बरा चालला. कथा समजायला सोपी आहे, असं नव्या लोकांनी कौतुक केलं. जुन्यांनी वारसावरून आरडाओरडा केला, तेव्हा त्यांना वेबसाइटवरचं वाक्य दाखवण्यात आलं. कथेचं काम सांगलीतच राहिलं.

ओळखीचे लोक विचारतात, मालिका पहिल्यापासून खेळू का? कंपनीत असेपर्यंत माझं उत्तर ठरलेलं आहे: गरज नाही. पण जवळच्या माणसांना मी एवढंच सांगते की, मागचं बघायची गरज नाही असं विकणारा आपण होऊन म्हणाला, की मागचं आधी बघावं.