कंपनी हजर

कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही एक व्यक्ती असते. तिला नाव असतं, पत्ता असतो, ती दावा लावू शकते आणि तिच्यावरही दावा लावता येतो. नगरच्या कोर्टात मी हे पंचवीस वर्षं गंभीर चेहऱ्याने सांगत आलो आहे. पाथर्डीकडच्या एका बाईचा मात्र त्यावर कधी विश्वास बसला नाही. पट्टेवाल्याने साखर कारखान्याच्या कंपनीचं नाव पुकारलं की मी उठून "हजर" म्हणायचो, आणि ती समोरच्या बाकावरून मान वाकडी करून माझ्या पाठीमागे बघायची. कुणी आलंय का ते.

चार-पाच तारखांनंतर तिने शोध थांबवला. "तुमीच हुबं ऱ्हाता, म्हंजी तुमीच की कंपनी," म्हणाली. तेव्हापासून व्हरांड्यात भेटली की, "काय कंपनी, च्या झाला का?" तिचा वकील हसायचा, मीही हसायचो. मी तिला मावशी म्हणत असे. विरुद्ध बाजूच्या वकिलाला तेवढं परवडतं.

तिचा नवरा कारखान्याच्या आवारातच अपघातात गेला. ट्रॉलीतला ऊस गव्हाणीत, म्हणजे गाळपाला नेणाऱ्या पट्ट्यावर, उतरवताना क्रेनचा वायररोप तुटला आणि अख्खी मोळी त्याच्या अंगावर आली. कंपनीची बाजू सोपी होती. तोडणीची टोळी मुकादमाने आणलेली, करार मुकादमाशी. कंपनीचा संबंध फक्त उसाशी. कैफियतीत मी लिहिलं, 'सदर इसम कंपनीच्या कामावर नव्हता. तो आवारात कशासाठी आला होता, हे कंपनीस माहीत नाही.' मला ते वाक्य तेव्हा आवडलं होतं.

तिला ते कुणीतरी वाचून दाखवलं. पुढच्या तारखेला तिने मला जिन्यात गाठलं. त्या दिवशी मला 'कंपनी' म्हणाली नाही.

"सायेब, त्यो कशापायी आलता म्हाईत न्हाई व्हय? चोरी कराया आलता का?"

"मावशी, कोर्टाची भाषा असते ती."

"मंग कोर्टाच्याच भाषेत लिवा, कामावर हुता म्हनून. भरपाईचं काय व्हईल ते हू द्या. माज्या पोरी वाचत्यात त्यो कागद."

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मोजणी तशीच होते. टोळीत अमुक इतके कोयते. उसाच्या ट्रॉलीमागे अडकलो की आपण सगळेच हॉर्न वाजवतो, वर किती कोयते बसलेत ते बघत नाही. कंपनीला देह नसून ती व्यक्ती. या दोघांना देह असून ते मिळून एक अवजार.

उलटतपासात मी तिला विचारलं, "कंपनीच्या हजेरीपटावर तुमच्या नवऱ्याचं नाव होतं?"

"न्हाई. मुकादमाच्या वहीत कोयता हुता. आर्धा त्यो, आर्धी मी."

"म्हणजे कंपनीने त्यांना कामावर ठेवलेलं नव्हतं."

"गव्हानीत पडला त्यो ऊस तुमचा. आन टाकनारा मेला, त्यो तेवडा मुकादमाचा?"

न्यायाधीशांनी मान वर केली. हे उत्तर लिहून घ्यायचं का, असं टंकलेखकाने नजरेनेच विचारलं. साहेब म्हणाले, "घ्या. जसंच्या तसं घ्या."

दिवाळी झाली आणि ती नेहमीप्रमाणे तोडीला गेली, आता भावाबरोबर. हंगाम ऐन भरात असताना निकाल लागला. कंपनी जबाबदार धरली गेली. 'मयत हा कंपनीच्याच कामावर होता,' असं स्वच्छ वाक्य त्यात होतं. माझ्या वाक्यापेक्षा बरं. तिचा वकील म्हणाला, "पाडव्याला येईल ती, तेव्हा सांगू." मला तेवढं थांबवेना. अर्जावर तिच्या भावाचा मोबाईल नंबर होता. हरलेल्या बाजूच्या वकिलाने असा फोन करायचा नसतो. मी केला.

"आक्का गेली की सायेब," भाऊ म्हणाला. "पंधरा दिस झालं. तापात फडावरच पडली, दवाखान्यापत्तूर न्हाई टिकली. काय काम हुतं?"

मी सांगितलं, निकाल लागलाय. तुमचे दाजी कंपनीच्याच कामावर होते, असं कोर्टाने लिहिलंय.

मागे कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता.

"ते आमाला म्हाईत हाय की," तो म्हणाला. "कंपनीला आत्ता कळलं व्हय?"

निकालाच्या दिवसाचा रोजनामा मी नंतर काढून पाहिला. त्यात एवढीच नोंद आहे: अर्जदार गैरहजर. कंपनी हजर.